कडेला आलेलं पोट

या सुताराला सगळे गुण्याच म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आणि याला ते लागतच नसे. फळी उचलायची, डावा डोळा मिटायचा, उजवा कडेला लावायचा आणि सांगायचं, "इथं पोट आलंय." रंध्याचे दोन हात मारले की कड दोरीसारखी सरळ. माणूस तिरका, पण डोळा सरळ, असा त्याचा लौकिक.

शाळेच्या दाराची कड त्याला मधोमध फुगलेली दिसली. रंधा मारला. पोट तिथंच. पातं परजलं, लाकडाच्या सात पिढ्या उद्धारल्या, पुन्हा मारला. दार चौकटीत बसवलं तर मधे हात जाईल एवढी फट.

शाळेचा शिपाई म्हणाला, "झकास! आता वर्गात कोण पेंगतंय ते बघायला दार उघडायला नको."

गुण्या हसला नाही. घरी येऊन त्यानं एकेक डोळा मिटून खिडकीचे गज बघितले. डाव्याला सरळ, उजव्याला मधेच वाकलेले. बायकोचा चेहराही मधेच पुसल्यासारखा.

"अहो, लाकडाचं पोट नाही, तुमच्या डोळ्याचं आहे," असं म्हणत तिनं त्याला दवाखान्यात ओढत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आत पाहिलं. "डोळ्याच्या पडद्यावरचं रक्त परत नेणारी शीर तुंबलीय. मागं रक्त-पाणी झिरपून पडदा सुजलाय, म्हणून सरळ ते वाकडं दिसतं. रक्तदाबाची गोळी घेता?"

"घेतात की," बायको म्हणाली, "डोकं दुखलं तर."

"डोळा बधिर करून इंजेक्शन द्यावं लागेल. त्यानं शीर उघडत नाही, सूज उतरते. ती पुन्हा चढते. म्हणून मी थांबा म्हणेपर्यंत दर महिन्याला यायचं."

दुसऱ्या इंजेक्शनानंतर गज सरळ झाले. त्यानं फळी लावून बघितली. सरळ! तिसऱ्या खेपेला तो गेलाच नाही.

"कड सरळ झाल्यावर रंधा मारतो तो सुतार कसला?"

"डोळा म्हणजे फळी आहे का?" बायको कडाडली. "डोकं आहे की ओंडका?"

"ओंडकाच. पण पक्का."

पुढं गज पुन्हा वाकले. गुण्यानं अवाक्षर काढलं नाही, अंगावर काढलं. बायकोच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. पुन्हा सुया टोचल्या, सूजही उतरली.

"पाणी उतरलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण सुजून सुजून पडद्याचा मधला भाग मेलाय. तो आता उठत नाही. गोळी रोज घ्या, निदान डावा सांभाळा."

शाळेचं दार नव्यानं करायचं होतं. फळी उचलली की सवयीनं उजवाच डोळा कडेला जाई आणि समोर राखेसारखा डाग येई. डाव्यानं बघू गेला तर मानच वळेना, फळी खांद्यावर घेता येईना. जन्मभर मिटलेला डोळा तो, त्याला कडेची ओळखच नव्हती.

शेवटी त्यानं फळी बायकोसमोर धरली. "बघ."

"मला मेलीला काय कळतंय?"

"बघ म्हणतो ना."

ती वाकली. एक डोळा मिटला. "इथं... जरा पोट आलंय."

त्यानं त्या जागी अंगठा फिरवला. होतं. मग रंधा घेतला आणि ती थांबा म्हणेपर्यंत मारत राहिला.