पिक्चरमधला शेवट

बीबीहून मेहकरला जाताना एसटीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ भुताची कादंबरी वाचत होते. वाचताना त्यांचे ओठ हलत. मी सहज म्हणालो, "यावरचा पिक्चर पाहिलाय मी. शेवटी आई विहिरीतून जिवंत वर येते."

त्यांनी पुस्तक मिटलं. "पुस्तकात नाही येत हो. तिथंच मरते." मग हळूच म्हणाले, "बायको दवाखान्यात आहे. रोज तिले वाचून दाखवतो. आज शेवट आहे. पिक्चरमधलं नीट सांगा मले."

मेहकर येईपर्यंत मी सांगत राहिलो. ते मधेच विचारत, "आईले पाहून पोरगी काय म्हनते?"

उतरताना म्हणाले, "तिले हेच सांगतो. पुस्तकातलं मले एकट्याले माहीत असलं, तरी चालते."

त्यांच्या बायकोला काय झालंय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.