लसूण निवडणाऱ्या मावशी

"बेडा."

एवढाच शब्द. लसणाचा गड्डा तळहातावर घ्यायचा, उलटा करायचा, मुळाकडच्या बुडावर अंगठा दाबायचा आणि अंगठा जरा जरी आत गेला, तर हा शब्द उच्चारून गड्डा परत ठेवून द्यायचा. बेडा म्हणजे कानडीत नको. मावशी मूळच्या अक्कलकोटकडच्या. बोलायच्या मराठीत, नकार मात्र कानडीतूनच द्यायच्या.

तुम्हीही मंडईत पाहिलं असेल, आपण बहुतेक जण लसूण घेतो तो पांढराशुभ्र आणि मोठ्या पाकळ्यांचा बघून. मीही तेच करायचे. जुळे सोलापुरात घरच्या घरी शेंगाचटणी करून विकायला लागले, तेव्हा कुटायला मदत हवी म्हणून मावशींना ठेवलं. पहिल्याच दिवशी माझा लसूण बघून त्या म्हणाल्या, "ताई, रंग काय बघतीस? वजन बघ की."

त्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक गड्डा ठेवला. दिसायला सारखेच. एक जड लागत होता, दुसरा पोकळ. पोकळ गड्डा सोलला तर आतल्या पाकळ्या सुकून पिवळ्या पडलेल्या.

"वरनं लई नटलंय, आत काय न्हाई," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून मंडईत जायला लागलो. माझ्या स्कूटीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या, मांडीवर पिशव्या. लसूणवाल्यांच्या रांगेत शिरल्या की त्यांची चालच बदलायची. कोंब फुटलेला गड्डा त्या लांबून ओळखायच्या. टरफलाआड काजळीसारखी काळी बुरशी असली, तर नुसत्या वासावरून सांगायच्या. अनोळखी बायका थांबून म्हणायच्या, "मावशी, माझाही तेवढा बघा की." मग मावशी पदर खोचून खाली बसायच्या आणि मी ताटकळत उभी.

एकदा मी कुरकुरले. त्या म्हणाल्या, "साळंत गेले न्हाई ताई मी. नवरा गेल्यावर कुणी काय इचारलंबी न्हाई. हितं इचारत्यात. बसू दे की जरा."

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला बराच काळ लागला.

एका दुकानदाराने लग्नात पाहुण्यांना द्यायला आमच्या चटणीची पाकिटं मागितली होती. एवढी मोठी मागणी पहिल्यांदाच आलेली. पावसाळी हवा होती आणि घाईघाईत मी एकटीच जाऊन लसणाचं पोतं घेऊन आले. वरचे गड्डे छान होते, खालचे ओलसर. मावशींनी पोतं ओतलं, वास घेतला आणि दिवसभर निवडत बसल्या. संध्याकाळपर्यंत दोन ढीग झाले. टाकायचा ढीग मोठा होता.

"ह्याला हात लावू नगं. सकाळी टाकून देते," असं म्हणून त्या घरी गेल्या.

मी त्या ढिगाकडे बघत राहिले. पुन्हा मंडई गाठायची, पुन्हा निवडायचं, सोलायचं. पाकिटं तर परवा द्यायची होती. मला वाटलं, मावशी जरा जास्तच चोखंदळ आहेत. त्या ढिगातले बरे दिसणारे गड्डे मी उचलले आणि चांगल्या ढिगात मिसळून टाकले. सकाळी त्या आल्या तेव्हा मी निवडलेला लसूण सोलून तिखट-मिठात कालवून ठेवला होता आणि उरलेला टाकूनही दिला होता. आम्ही चटणी कुटली.

पाच-सहा दिवसांनी दुकानदार एक पाकीट घेऊन दारात उभा राहिला. उघडून माझ्या नाकाशी धरलं. कुबट वास. लग्नघरात त्याची शोभा झाली होती. आवाज चढवून तो बोलत होता, शेजारणी डोकावत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या मावशी निवडतात हो लसूण. वय झालं, नजर चुकली असेल."

मावशी आतच उखळापाशी बसल्या होत्या. मी वळून बघितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं होतं आणि स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या.

त्या रागावल्या असत्या, भांडल्या असत्या, तर मी बहुतेक कबूल केलं असतं. पण त्यांनी माझं खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून एकेक गड्डा तीन-तीनदा दाबायला लागल्या. मग माझ्यापुढे धरून विचारायच्या, "ताई, ह्यो बरा हाय का ग?" मी म्हणायचे, "बरा आहे." त्या मान डोलवायच्या, पण गड्डा लगेच खाली ठेवायच्या नाहीत. मंडईत कुणी लसूण पुढे केला तर म्हणायच्या, "मला आता दिसत न्हाई नीट. तुमीच बघा."

मी गप्प राहिले. आज सांगते, उद्या सांगते, असं म्हणत चार महिने गप्प राहिले. दिवाळी झाली आणि मावशी यायच्या बंद झाल्या. त्यांच्या खोलीवर गेले तर कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "लेक घेऊन गेली. आईचे डोळे गेले म्हणत होती."

तेव्हा मात्र मी एसटी पकडून त्यांच्या लेकीच्या गावी गेले.

लेक ओसरीवर तूरडाळ निवडत होती. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर रिकामे. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, बसा. आधी ऐका." आणि सगळं सांगितलं. ढीग, संध्याकाळ, मी केलेली मिसळ, सगळं.

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "डॉक्टरला दावलं मी डोळं. त्यो म्हणाला, वयाच्या मानानं चांगलं हायत. मला त्याचंबी खरं वाटंना."

मला रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही. लेक उठून आत गेली होती. त्यांनी तिला हाक मारून बाहेर बोलावलं आणि मला म्हणाल्या, "आता हिच्यासमोर सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. लेक खाली मान घालून ऐकत होती.

"केळिदी?" मावशींनी तिला विचारलं. ऐकलंस?

लेकीने डाळीचं सूप उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

निघताना मी विचारलं, "मावशी, परत याल?"

त्या खडे वेचत म्हणाल्या, "न्हाई ग ताई. सांगायला आलीस, बरं केलंस. पर तुझ्याजवळ बसून काम व्हायचं न्हाई आता माझ्यानं." त्यांनी मान वर केली नाही. फाटकापर्यंत लेकच आली.

सोलापुरात येऊन मी त्या दुकानदाराला खरं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या हो मॅडम, झालं गेलं." मंडईत काही बायकांनाही सांगितलं. एकीला मावशी आठवतच नव्हत्या.

संक्रांतीला मी फोन केला. लेकीने उचलला. "आई कामात हाय," ती म्हणाली. मागून मावशींचा आवाज येत होता. कुणाला तरी त्या कानडीत काहीतरी ठणकावून सांगत होत्या. लेकीने हाक मारली, "आई, सोलापूरच्या ताईंचा फोन हाय." आवाज थांबला. मी फोन कानाला लावून उभी होते. थोड्या वेळाने मावशींचं बोलणं पुन्हा सुरू झालं, तिकडेच, लांबून.