दोन डिस्कना एकच गेरू

घरच्या कम्प्युटरात मी मोठ्या हौसेनं दोन हार्डडिस्क आरशासारख्या जोडल्या होत्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटायचं. अपग्रेड करायचं तर आधी ही जोडी मोडणं भाग होतं. मी ती मोडली, एका डिस्कवर सगळे फोटो शाबूत असल्याचं पाहिलं आणि धूळ झटकायला दोन्ही बाहेर काढल्या. तपासलेली जपून ठेवायची, दुसरीवर अपग्रेड करायचं, असा बेत. पण दोघी दिसायला एकसारख्या. म्हणून तपासलेली वडिलांच्या हातात दिली, "हिच्यावर खूण करा अण्णा" म्हणालो आणि ब्रश शोधायला गेलो.

अण्णा जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. परत येऊन बघतो तर दोन्ही डिस्कवर गेरूचा पट्टा!

"दोन्हीला काहून लावला?" मी ओरडलोच.

"दोन्ही आपल्याच हायेत की! कळपातल्या एकाच मेंढराला गेरू लावत्यात का?"

माझं डोकं सणकलं. आता तपासलेली कुठली तेच कळेना, आणि दुसरी तर मी उघडूनही पाहिली नव्हती. पुटपुटत एक जोडली, सगळे फोटो होते. मग दुसरी जोडली. तिच्यावरही तेच फोटो, धारूरच्या किल्ल्यावर पटका सावरणारे अण्णासुद्धा. जीव भांड्यात पडला. मी उगीचच हसत सुटलो आणि अपग्रेड सुरू केलं.

उरलेली डिस्क अण्णांनी स्वतः कपाटात ठेवली.

"आता चुकली तरी काळजी न्हाई," ते म्हणाले. "खूण बघून कुणी बी घरी आणून सोडंल."