पान लागलं

भागूला पुण्याला मीच पाठवलं. पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, तेव्हा ते आधीच सांगून टाकतो.

मी तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. १९९८ साली पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं डोंगरी भागातल्या बी.एस्सी.च्या मुलामुलींसाठी आठ आठवड्यांचं प्रशिक्षण काढलं. अशा घरची मुलं प्रयोगशाळेत दिसतच नाहीत, हे त्यांना उशिरा का होईना सुचलं होतं. भागू शिनोलीच्या पुढल्या एका वाडीवरची, महादेव कोळी जमातीतली पोर. वर्गात तोंड उघडायची नाही, पण बेडकाचं विच्छेदन असं करायची की बेडकानंही दाद द्यावी.

पुण्यात ती पिपेट धरायला शिकली, रक्ताचे नमुने तपासायला शिकली, आणि एक नियम शिकली. कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा विचारायचा. उत्तर सुचवायचं नाही, आपल्याला माहीत असलेलं लिहायचं नाही. शेवटचे दोन आठवडे तिला तिच्याच वाडीत सर्पदंशाची पाहणी दिली. खालच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस ठेवायची की नाही, ते त्या आकड्यावरून ठरणार होतं.

प्रश्न होता : 'गेल्या वीस वर्षांत घरात कुणी साप चावून दगावलं का?'

आता आमच्याकडं साप कुणाला चावतच नाही. पान लागतं. नाव घेतलं की ते येतं, म्हणून त्याला जनावर म्हणायचं, लांबडं म्हणायचं, आणि माणूस गेलं तर पान लागून गेलं म्हणायचं. हे भागूला माहीत होतं. मलाही होतं.

पहिलं घर तिचं स्वतःचं. तिची आई बायडाबाई चुलीपुढं बसली होती. भागूनं प्रश्न वाचला.

"न्हाई बाय," आई म्हणाली. "तसलं काय न्हाई."

भागू सहा वर्षांची असताना तिचा बाप पान लागून गेला होता. तिनं 'नाही'वर खूण केली. नियम मोडला तर पुण्यातले म्हणतील, डोंगरातली पोर, आपल्या माणसांच्या मायेनं आकडे फुगवते. पुढल्या वर्षी बोलावणार नाहीत. तिला परत जायचं होतं, आणि तशी इच्छा धरण्यात तिची काही चूक नव्हती.

शेवटच्या घरी, चुलता सावळेरामनानाकडं, ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याची थोरली लेक तशीच गेलेली. प्रश्न ऐकून तो हसला. "तिन्हीसांजेला त्याचं नाव काढती व्हय गं? न्हाई. न्हाई लिव." आणि त्यानं खाली अंगठा दिला.

एकेचाळीस घरं, एकेचाळीस 'नाही'. कागद आधी माझ्याकडं आले. मी बेरीज तपासली, भागूच्या अक्षराचं कौतुक केलं आणि सही ठोकली. लहानपणी माझ्या आईनं 'पान लागंल' म्हणून मला शंभरदा बांधावरून हाकललेलं. पण शिकलेल्या माणसाला अक्कल यायला वेळ लागतो. लस आली नाही.

त्याच पावसाळ्यात भाताच्या लावणीत सावळेरामला पान लागलं. आरोग्य केंद्रातून त्याला जीपनं घोडेगावच्या मोठ्या दवाखान्याकडं काढलं. शिनोली येईस्तोवर तो बोलायचा थांबला होता.

वाडीतल्या बायका म्हणाल्या, पोरीनं दारोदार नाव घेतलं म्हणून ते आलं. मी भागूला म्हटलं, हा खुळेपणा आहे.

"सर, त्या म्हनत्यात मी नाव घेतलं म्हनून नाना गेला," ती म्हणाली. "मी म्हनते, खरं नाव घेतलं न्हाई म्हनून गेला. कुनीकडनं बी मीच."

 

तेव्हापासून तिला तो आवाज ऐकू यायला लागला. 'न्हाई लिव.' भांडी घासताना, एसटीत, प्रयोगशाळेतलं यंत्र फिरायचं थांबलं की. दिवेलागणीला ती एकटी बसत नसे. मी विज्ञानाचा माणूस, पण खोटं कशाला बोलू? एकदा तिच्याशी बोलत असताना तिनं दाराकडं मान वळवली, आणि मीही वळवली.

दोन वर्षांनी तिनं संस्थेशी भांडून प्रश्न बदलून घेतला आणि पुन्हा त्याच दारांत गेली. 'घरात कुणाला पान लागलं व्हतं का?' तेरा घरांनी 'हो' सांगितलं.

"तुज्या बाला की," बायडाबाई म्हणाली. "मागल्या टायमाला का न्हाई असं इचारलंस?"

सावळेरामची बायको धोंडाबाईनं मान डोलावली आणि अंगठा दिला. त्या वर्षी लस आली.

भागू आता त्याच संस्थेत डोंगरातून येणाऱ्या मुलांना शिकवते. २००८ साली मी तिला भेटायला गेलो, तेव्हा तेजस्विनी नावाची एक नवी विद्यार्थिनी पाहणीला निघायच्या तयारीत होती. तिनं विचारलं, "मॅडम, माणूस नाही म्हणाला की 'नाही'च लिहायचं ना?"

भागूनं टेबलाचा खण उघडला आणि एक जुना कागद तिच्यापुढं ठेवला. निळा अंगठा अजून स्पष्ट होता.

"हा माझा चुलता," भागू म्हणाली. "तो 'नाही' म्हणाला होता. त्याचा अर्थ 'हो' होता. आणि तो मला कळला होता."