प्रसादासाठी केलेली जागा

मनोहर साटम गेल्याचे त्याच्या मुलीने, वैदेहीने, दुपारी फोनवर सांगितले. ती एक वाक्य बोलली, मीही एकच. न्यूमोनियामुळे तो आठ दिवस रुग्णालयात होता. दाखल करतानाच परिचारिकेने त्याच्या पोटावरची नळी आणि दंडावरचा सेन्सर काढला, इन्सुलिनचा पंप बंद केला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिला. माझ्या मोबाइलवर दर पाच मिनिटांनी त्याच्या साखरेचा आकडा उमटत असे. त्या जागी तेव्हापासून दोन आडव्या रेघा होत्या. बातमी येण्याआधी आठ दिवस मी त्या रेघा पाहत होतो... फोन ठेवला आणि चहाचा कप विसळून ठेवला. याला आता सहा आठवडे झाले.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आमची दारे समोरासमोर. मी न्यायालयात लघुलेखक होतो, तो भांडुपच्या एका कारखान्यात वजनकाटे तपासत असे. मधुमेह त्याला विशीतच जडला आणि पुढचे सारे आयुष्य त्याने स्वतःला सुया टोचण्यात काढले. त्याबद्दल तक्रार केल्याचे मला आठवत नाही. भात तो तोलून घेई. भाकरी तळहातावर घेऊन “बावन्न ग्रॅम” म्हणे. काट्यावर ठेवली तर बावन्नच भरे. पत्नी गेल्यानंतरच्या काळात मात्र एक गोष्ट बिघडली. साखर उतरली की पूर्वी त्याला घाम येई, हात थरथरत. इतक्या वर्षांच्या आजारात शरीराने ती सूचना देणे बंद केले. दोनदा तो जिन्यात पडला. वैदेही बंगळुरूहून आली आणि म्हणाली, “बाबा, घर बंद करा. माझ्याकडे चला.” तो म्हणाला, “मेल्यावर ने.” अखेर तोडगा निघाला तो पंपाचा. तीन महिने पंप लावायचा. त्या काळात साखर धोक्याइतकी उतरली नाही तर तो मुलुंडला राहील, उतरली तर बंगळुरू. साक्षीदार म्हणून तिने माझी नेमणूक केली, कारण ऐकले-पाहिले तसेच सांगण्याचा माझा जुना धंदा तिला ठाऊक होता.

यंत्र हुशार होते. साखर खाली जाऊ लागली की इन्सुलिन थांबवी, वर जाऊ लागली की वाढवी. मात्र जेवणापूर्वी त्याला किती कर्बोदके पोटात जाणार हे सांगावे लागे, आणि चालायला निघण्याच्या तासभर आधी तेही कळवावे लागे. पहिले पंधरा दिवस मनोहरने त्याच्याशी भांडणच मांडले. यंत्र हळूहळू साखर उतरवत असताना हा मध्येच जादा डोस देई, मग साखर घसरली की ग्लुकोजच्या मूठभर गोळ्या खाई. मी म्हणालो, “मनोहर, तपासताना कुणी काट्यावर अंगठा ठेवला तर तू काय करायचास?” तो म्हणाला, “हात उचल सांगायचो.” “मग उचल.” त्याने उचलला. आलेख सपाट झाला.

फक्त गुरुवारी होत नसे. दर गुरुवारी संध्याकाळी त्या रेषेवर डोंगर उभा राही आणि दोन तासांनी तितकीच खोल दरी, धोक्याच्या रेषेच्या जेमतेम वर थांबणारी. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आलेख त्याच्यापुढे सरकवला. “काका, गुरुवारी काय खाता?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? यंत्र मागून धावतंय बघा. उशिरा कळतं, मग भरपूर इन्सुलिन देतं आणि तुम्ही खाली येता. पडाल अशानं.”

“सांगितलं ना, काही नाही.”

मला ठाऊक होते. सोसायटीच्या आवारात दत्ताचे छोटे मंदिर आहे. गुरुवारच्या आरतीनंतर द्रोणभर शिरा मिळतो, आणि मनोहरने तो कधी चुकवला नव्हता. घरी परतताना मी विचारले, “शिरा का सांगितला नाहीस?”

“तो खाणं नाही, प्रसाद आहे.”

“साखर तीच.”

“गप रे जोश्या! आवस म्हणायची, प्रसाद तोलूचो नाय. चाळीस वर्षं दुनियेचं तोललं, तेवढं एक सोडलं. तेही काढून घेतोस?”

तो खोटे बोलला नव्हता. डॉक्टरांनी खाण्याचे विचारले, आणि त्याच्या हिशेबी प्रसाद खाण्यात मोडत नव्हता. मी म्हणालो, “मग बंगळुरूला जा. तिथे आईचे नियम पाळ.” हे बोलणे कठोर होते, मागे घेतले नाही. आठवडाभर त्याचे दार माझ्यासाठी उघडले नाही. मोबाइलवर आकडे तेवढे येत राहिले.

पुढच्या गुरुवारी तो आपण होऊन मंदिरात माझ्या शेजारी येऊन बसला. आरती सुरू होताच त्याने पंपावर आकडा घातला. दोन बारीक बीप ऐकू आले. “वीस ग्रॅम,” तो पुटपुटला. “अजून हातात यायचाय, म्हणजे तोलला नाही. नुसती जागा करून ठेवली.” डॉक्टरांचेही म्हणणे तेच होते, इन्सुलिन घासाच्या थोडे आधी पोचावे. त्याने दोघींचे राखले, आईचे आणि डॉक्टरांचे.

त्याने एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. त्या दिवशी सेक्रेटरींच्या घरी पाहुणे आले होते आणि त्यांना गाण्याचा उत्साह होता. एकामागून एक आरत्या झाल्या. शिरा झाकलेला, इन्सुलिन मात्र कामाला लागलेले. माझा मोबाइल किंचाळला. मनोहर टाळ्या वाजवत होता, पण त्याच्या टाळ्यांचा आरतीशी संबंध उरला नव्हता. मी उठलो, देवापुढच्या नैवेद्यातला पेढा उचलला आणि त्याच्या तोंडात कोंबला. नैवेद्य अजून दाखवायचा होता. कुणीतरी “अहो, अहो!” केले. गुरुजी टाळ न थांबवता म्हणाले, “चालेल, चालेल. देव नंतर घेतील.”

तो पडला नाही, पण साखर उतरली होती. साक्षीदार या नात्याने मी वैदेहीला सगळे सांगितले, पेढ्यासकट. तिने विचारले, “काका, म्हणजे बाबांनी बॅग भरायची का?” मी म्हणालो, “तुझी अट मोडली आहे. चूक कुठे झाली तेही सापडले आहे. यापुढे तो मंत्रपुष्पांजलीच्या वेळी बटण दाबेल, त्यानंतर प्रसादच असतो. गुरुजी त्याच्यासाठी थांबायला तयार आहेत.” “गुरुजी थांबणार? पंपासाठी?” ती हसली... आणि तिने आणखी तीन महिने दिले. पुढे मुदतीचा विषय निघाला नाही. चार वर्षे तो त्याच घरात राहिला, एकटा, न पडता. दर तीन दिवसांनी नळी बदलत असे आणि झाल्यावर मला ओरडून सांगे, “जोश्या, काटा शून्यावर!”

गुरुवारची ती रीत मोडली नाही. आरत्या संपत, गुरुजी ओंजळीत फुले घेत आणि मनोहरच्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहत. दोन बीप होत. मनोहर मान हलवी, आणि मंत्रपुष्पांजली सुरू होई. नवीन राहायला आलेल्यांना हा पूजेचाच भाग वाटे.

पंप त्या पिशवीतच माझ्या टेबलाच्या खणात आहे. वैदेही न्यायला यायची आहे. मोबाइलवरच्या दोन रेघा मी काढलेल्या नाहीत. गेल्या गुरुवारी मंदिरात गेलो. गर्दी होती आणि खिडकीजवळची खुर्ची तेवढी रिकामी होती, म्हणून तिथे बसलो. आरत्या झाल्या. गुरुजींनी फुले ओंजळीत घेतली आणि सवयीने खुर्चीकडे पाहिले. मग त्यांना आठवले असावे; पण त्यांनी नजर काढली नाही, सुरुवातही केली नाही. लोक थांबले होते.

मी मान हलवली.