थांबा काकांची चार मिनिटं

कोणी पेनड्राइव्ह उपटायला गेलं की थांबा काका असे बघत, जणू त्याने पंगतीत जेवणाऱ्याचं पान उचललंय. "थांबा" हा त्यांचा पहिला शब्द, म्हणून आम्ही नवख्या वकिलांनी ठेवलेलं हे नाव. गिरगावात, कोर्टापासून पाच मिनिटांवर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं.

त्यांच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. ओढून काढण्याआधी ड्राइव्ह कॉम्प्युटरवरून रीतसर उतरवावा लागे; तेव्हा 'कोणीतरी वापरतंय' असा निरोप आला की गिऱ्हाईक म्हणे, "ओढा हो, काही होत नाही." काका स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करत आणि कोण धरून बसलंय ते शोधत. पुष्कळदा ते स्वतःच सापडत. ड्राइव्हवरचं फोल्डर त्यांनीच उघडं ठेवलेलं असे. मग जरा खाकरून ते बंद करत. "जबरदस्तीचीही आज्ञा आहे," ते सांगत, "पण ती मी पाठ केलेली नाही."

डिलाईल रोडच्या परब आजींच्या खोलीला मालकाने कुलूप ठोकलं होतं आणि त्यांची केस माझ्याकडे होती. त्या तिथेच राहत होत्या हे दाखवणारे फोटो मी काकांकडे छापून घेतले. तीन वाजता सुनावणी होती आणि ड्राइव्हही कोर्टात द्यायचा होता, पण तो उतरेना. काकांनी शोधलं. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या दुसऱ्या स्क्रीनवर त्यातलाच एक फोटो उघडा होता आणि त्यासमोर माझ्याबरोबर आलेल्या आजी बसल्या होत्या.

"ह्यो माझो ओटो," त्या म्हणाल्या. "भांडी तशीच आसत."

मी हात पुढे केला. काकांनी ड्राइव्हवर तळवा ठेवला. "थांबा मॅडम. त्या बघतायत."

आजींनी चार मिनिटं बघितलं. आम्ही कोर्टात पोचलो तेव्हा आमचं नाव पुकारून झालं होतं. पुढची तारीख कोर्टाच्या सुट्टीनंतरची मिळाली आणि सुट्टीतच आजी डोंबिवलीला मुलीकडे वारल्या. स्वतःचं घर त्यांनी शेवटचं त्या स्क्रीनवर पाहिलं.

काकांनी एकदाच विचारलं, "मॅडम, मी तो फोटो बंद करायला हवा होता का हो?"

"चालायचंच," मी म्हणाले.

नंतर दुकान विकून ते कणकवलीला गेले. त्यांची फार आठवण येते, आणि आली की लाज वाटते. त्या दिवशी बाराला येते म्हणून सांगून मी दुकानात पावणेतीनला पोचले होते. काकांच्या समोरच भिंतीवर घड्याळ होतं, म्हणजे हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी चूक आपल्याकडे घेतली, आणि मी ती घेऊ दिली.