पाठमोरा बसणारा जोडीदार

देशाचा परदेशी व्यापार कान लावून ऐकता येतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला आणि नेमका तोच एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला माझा जोडीदार म्हणून वाट्याला आला. दिल्लीजवळच्या एका डेपोतून परदेशी जाणारे कंटेनर बंदराकडे रवाना होतात. पुढच्या तीन महिन्यांत मालाने भरलेले किती कंटेनर जातील, याचा अंदाज आम्हा दोघांना वेगवेगळा मांडायचा होता. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की, दोघांपैकी एकालाच दोन वर्षांसाठी संशोधन सहायक म्हणून ठेवता येईल. जोडीदाराला त्याने फारसा फरक पडणार नव्हता. त्याचं घर करोल बागेत होतं, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. मला मात्र ती जागा मिळाली नसती, तर हॉस्टेल सोडून गावी जावं लागलं असतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझे वडील गावाजवळच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर काम करतात, आणि तिथे माझ्यासाठीही एक खुर्ची रिकामी होणार होती.

जोडीदाराची काम करायची पद्धत अशी, की मानेसरला हायवेलगतच्या चहाच्या टपरीवर जायचं आणि रस्त्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचं. मागून कंटेनर लादलेला ट्रेलर गेला की डोळे मिटून म्हणायचं, "भरलेला." पुन्हा एक गेला, "भरलेला." तिसऱ्याला कपाळावर आठी, "रिकामा. डबा कसा खडखडतोय, ऐकलंस?" मला नुसता धूर लागायचा. एकदा त्याची खोड मोडावी म्हणून, त्याने 'रिकामा' म्हटलेला ट्रेलर टपरीपुढे थांबला तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, "भाईसाब, माल है क्या अंदर?" तो म्हणाला, "अंदर तो हवा है, बेटा." जोडीदाराने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बिस्किट चहात बुडवत तो म्हणाला, "बघ यार."

हा नाद त्याला कुठेही सुटत नसे. त्याच्या बहिणीचं लग्न हायवेलगतच्या एका लॉनवर झालं. अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातात होतं. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना बाहेरून ट्रेलरांची रांग गेली, हा तिकडे कान देऊन मोजायला लागला आणि त्याच्या बाजूचा अंतरपाट गुडघ्यापर्यंत उतरला. नवरा-नवरी एकमेकांकडे बघून हसायला लागली, गुरुजी ओरडले. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अगं आई, सलग सहा रिकामे!" हे त्याचं स्पष्टीकरण. पहाडगंजमध्ये खोक्यांच्या घाऊक दुकानदारांशी तो अर्धा अर्धा तास गप्पा मारी आणि निर्यातीच्या खोक्यांना उठाव आहे की नाही, ते वहीत लिही. त्या वहीवर काकूंच्या लोणच्याचे डाग असत आणि तारीख कुठेच नसे.

मी त्याला हसायचो, पण खरं सांगायचं तर जळायचो. तो सरांशी खुर्चीत रेलून बोले, मी एका वाक्यात तीनदा 'सर' म्हणून पुढचं विसरत असे. त्याच्या घरी लॅपटॉपला वेगळं टेबल होतं, माझा मांडीवर तापायचा. त्याच्या घरी मला थालीपीठ मिळे, तेव्हा काकू माझ्या पानात लोणी जरा जास्तच वाढत, आणि मला त्याचंही वाईट वाटे. माझ्याजवळ काय होतं? माझं मॉडेल. डेपोतून दर महिन्याला गेलेले कंटेनर, रुपयाचा भाव, कारखान्यांचं उत्पादन, सणांच्या सुट्ट्या, सगळं मी त्यात घातलं होतं. अंदाजाची रेष छान वर चढत होती.

सादरीकरणाला तीन दिवस होते. रविवारी दुपारी त्याच्या घरी त्याने ती रेष पाहिली आणि खाणं थांबवलं. "यार, मला तर रस्त्यावर उलटंच ऐकू येतंय. बंदराकडे जाणारे रिकामेच वाढलेत. तुझ्या आकड्यांत ते पण मोजलेत का?"

"ऐकू येणं म्हणजे डेटा नाही," मी म्हणालो. मला वाटलं, याला माझी रेष पाडायची आहे.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे घरी फोन केला. काय चाललंय, असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, डबे मोजतोय. बाबा म्हणाले, "त्यात रिकामे किती रे?"

मी फोन ठेवला आणि फाइल उघडली. भरलेला की रिकामा, हे सांगणारा रकाना त्यात पहिल्यापासून होता. माझ्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर सगळं मावेना, म्हणून मीच तो लपवला होता. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करण्यात ज्याच्या बापाचं आयुष्य गेलं, त्याच्या मुलाने रिकामे डबे माल म्हणून मोजले होते. रिकामे काढल्यावर रेष खाली वळली. जोडीदाराला मी काही बोललो नाही.

सादरीकरणात सरांनी त्याची वही उलटसुलट पाहिली आणि हताशपणे परत केली. मग मला विचारलं, "ये एम्प्टी अलग करने का आइडिया कहाँ से आया?"

"सर, माझे... मेरे पिताजी वजनकाटे पर हैं, सर."

हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. शेजारी बसलेल्या जोडीदाराने मांडीवर थाप मारली. "वा! क्या बात है!" बाहेर आल्यावर त्याने माझा दंडच धरला. "काकांना भेटायचंय मला. ते आवाजावरूनच ओळखत असतील ना?" मी त्याच्या चेहऱ्यावर थोडा तरी हेवा शोधत होतो, निदान राग. काहीच नव्हतं. हेवा सापडला असता, तर मला फार बरं वाटलं असतं.

जागा मला मिळाली. तो गुजरातच्या किनाऱ्यावर एका बंदरात नोकरीला गेला. आता तो क्रेनचे आवाज रेकॉर्ड करून पाठवतो आणि खाली लिहितो, 'ओळख!' मी काहीतरी ठोकून देतो.

मागच्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा बाबा म्हणाले, "तुझा तो दोस्त येऊन गेला. दोन दिवस काट्यावर बसला होता, रस्त्याकडे पाठ करून. दहातले नऊ बरोबर सांगायचा, बेटा!" आणि बाबा हसले. माझ्या कुठल्याच निकालावर ते तसे हसल्याचं मला आठवत नाही. काही सांगितलं का त्याने, असं मी घाबरत विचारलं. "सांगितलं ना. म्हणाला, तुमच्या पोराला तुम्ही लई चांगलं शिकवलं."

दुसऱ्या दिवशी मी बाबांबरोबर काट्यावर गेलो. स्टूल ओढलं आणि रस्त्याकडे पाठ करून बसलो. मागून एक ट्रक आला, काट्यावर चढला, थांबला.

"सांग," बाबा म्हणाले.

मी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. "भरलेला," मी म्हणालो.

बाबांनी काट्याचा आकडा पाहिला, चिठ्ठीवर रिकाम्या गाडीच्या रकान्यात लिहिला आणि मग माझ्यासाठी चहा सांगितला.